हॉस्पिटल इंटिरिअरचं प्रमाणपत्र : नागपुरातून सुरुवात कशी करावी

धंतोली किंवा रामदासपेठेतल्या कुठल्याही गल्लीत सकाळी दहाला उभं राहा. गोंदिया, गडचिरोली, यवतमाळहून आलेली माणसं दिसतात, छिंदवाडा-बालाघाटची कुटुंबं दिसतात. हातात फाइल, पिशवीत डबा, काखेत गुंडाळलेली सतरंजी. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं तर जुनीच. आता मिहानमध्ये एम्स आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, आणि जुने बंगले पाडून उभी राहिलेली तीस-चाळीस खाटांची खासगी रुग्णालयं तर गल्लोगल्ली आहेत. या सगळ्या इमारतींमधली फरशी, दारं, दिवे, काउंटर, बसायची बाकं कोणीतरी ठरवलेली असतात. ती ठरवणाऱ्याने त्याआधी बहुतेक वेळा घरं आणि शोरूमच केलेली असतात.

म्हणूनच "ताई, मला हॉस्पिटलच्या कामात जायचंय, कुठलं सर्टिफिकेट करू?" असा फोन आला की मला मनापासून बरं वाटतं. हा लेख म्हणजे त्या फोनचं सविस्तर उत्तर. तुमची इंटिरिअरची पदवी किंवा डिप्लोमा झाला आहे, एक-दोन वर्षं साइटवर काढली आहेत, पण रुग्णालय आतून ठाऊक नाही, असं धरून मी लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे इंटिरिअर डिझायनरला रुग्णालयाचं काम घ्यायला कायद्याने कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही. 'आर्किटेक्ट' ही उपाधी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने राखलेली आहे, नोंदणी नसेल तर ती कार्डावर छापायची नाही. इंटिरिअर डिझायनरसाठी तशी व्यवस्था नाही. मग प्रमाणपत्र कशाला? माझ्या मते तीन कारणांसाठी. विखुरलेल्या अभ्यासाला शिस्त लागते. डॉक्टर म्हणाले "हे कशाला, खर्च वाढतो", तर आवडीनिवडीच्या पलीकडचं उत्तर देता येतं. आणि पुण्या-मुंबईतल्या किंवा आखाती देशांतल्या मोठ्या कंपनीत अर्ज केला तर बायोडेटा पहिल्या चाळणीत अडकत नाही.

पहिली पायरी : फी भरण्याआधी वॉर्डात बसा

ही पायरी कोणीही सांगत नाही, आणि मी मात्र हिच्यावरच अडून बसते. ओळखीच्या डॉक्टरांकडून किंवा रुग्णालयाच्या व्यवस्थापकांकडून लेखी परवानगी घ्या आणि एकाच रुग्णालयात तीन वेगवेगळ्या वेळी जा : सकाळच्या ओपीडीला, संध्याकाळी भेटीच्या वेळेत आणि रात्रपाळीत. रुग्णांचे फोटो काढायचे नाहीत, नावं टिपायची नाहीत. माणसं आणि वस्तू कशा फिरतात एवढंच वहीत उतरवायचं. सिस्टर एका तासात किती वेळा औषधांच्या खोलीपर्यंत जाते? स्ट्रेचर कुठे अडकतं? नातेवाईक कुठे बसतात, कुठे जेवतात, मोबाइल कुठे चार्ज करतात?

माझं पहिलं रुग्णालयाचं काम छोटं होतं. वॉर्डात मी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स घातल्या आणि भिंतीला सरळ उभी स्कर्टिंग दिली, घरात देतो तशी. तीन महिन्यांनी सहज गेले तेव्हा तिथल्या सफाईच्या मावशींनी मला हाताला धरून खाटेमागे नेलं. त्या खाली बसल्या, ओलं फडकं तर्जनीला गुंडाळलं आणि फरशी-भिंतीच्या सांध्यातून बोट ओढलं. फडकं काळं झालं. "मॅडम, पोछा इथवर येतच नाही ना. बोटानंच काढा लागते," त्या म्हणाल्या. त्या वॉर्डात बारा खाटा होत्या. म्हणजे रोज त्या बाई बारा खाटांमागे बसून बोटाने सांधा पुसत होत्या, आणि घाई असेल त्या दिवशी तो तसाच राहत होता.

कोव्हिंग म्हणजे काय ते मला त्या बोटाने शिकवलं. फरशी भिंतीला काटकोनात न मिळता गोलाईने साधारण १०० मिलिमीटर वर चढवायची, म्हणजे कोपराच उरत नाही आणि पोछा सरळ फिरतो. व्हिनाइलची शीट असेल तर तीच वर वळवून सांधे गरम वेल्डिंगने बंद करतात, टाइल असेल तर गोल कोव्ह टाइल आणि इपॉक्सी ग्राउट. पुढे परीक्षेच्या अभ्यासात संसर्ग-नियंत्रणाचं प्रकरण आलं तेव्हा मला ते पाठ करावं लागलं नाही.

आणखी एक करा. रिकाम्या खाटेवर दहा मिनिटं उताणं झोपा. आपण प्लॅन वरून काढतो, पण रुग्ण वर बघतो. डोळ्यांसमोर सरळ ट्यूबलाइट येते, एसीच्या ग्रिलमधली धूळ दिसते, पीओपीची चीर दिसते. दिवा खाटेच्या मधोमध न घेता बाजूला का घ्यावा, रात्रीसाठी पायाशी मंद दिवा का हवा, हे एकदा झोपून पाहिलं की ठेकेदाराशी वाद घालताना आवाजात वेगळाच ठामपणा येतो.

दुसरी पायरी : आपल्याकडचे नियम

परदेशी परीक्षांचा अभ्यास अमेरिकन नियमांवर चालतो. पण तुमची पहिली दहा कामं इथली असणार, आणि इथल्या नियमांत चूक झाली तर मोडतोड करावी लागते. म्हणून हे आधी.

सुरुवात एनएबीएचपासून करा. रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारी ही यंत्रणा २००५ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखाली सुरू झाली. मोठ्या रुग्णालयांसाठी वेगळे निकष आहेत, पन्नास खाटांपर्यंतच्या छोट्या रुग्णालयांसाठी वेगळे, आणि त्याखाली प्रवेश-पातळीचं प्रमाणन आहे. धंतोलीतलं बहुतांश काम या दुसऱ्या-तिसऱ्या गटात बसतं. निकषांच्या पुस्तकातली दोन प्रकरणं डिझायनरने अक्षर न् अक्षर वाचावीत : संसर्ग प्रतिबंध, आणि सुविधांचं व्यवस्थापन व सुरक्षा. बाकीची चाळली तरी चालतील. शस्त्रक्रियागृहाच्या वातानुकूलनाबद्दल एनएबीएचची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत : तासाला किमान २० वेळा हवा बदलणं, तापमान २१ अंशांच्या आसपास, आर्द्रता २० ते ६० टक्के. हे एसीवाल्याचं काम आहे असं समजू नका. त्याच्या डक्टला जागा तुमच्या फॉल्स सीलिंगमध्येच लागते, आणि दोघं वेळेत बोलले नाहीत तर सीलिंग अर्धा फूट खाली येतं आणि ओटीचा दिवा सर्जनच्या डोक्याला लागतो.

मग एनबीसी, म्हणजे राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६. तिचा चौथा भाग आग आणि जीवसुरक्षेचा. तो वाचताना भंडारा विसरू नका. नागपूरपासून जेमतेम साठ किलोमीटरवर, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. नवजात बाळ, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, भूल दिलेला रुग्ण यांतलं कोणीही उठून पळू शकत नाही. म्हणून रुग्णालयात आगीचा विचार इमारत रिकामी करण्याआधी, धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ नये इथून सुरू होतो. आपण घातलेला फोम, पडदे, प्लाय आणि केबलचं आवरण धूर किती करणार हे ठरवतात. आपले सुतार ३०३ आणि ७१० हे आकडे तोंडपाठ सांगतात, ते साध्या आणि मरीन प्लायच्या भारतीय मानकांचे. आग-प्रतिरोधक प्लायचा आकडा ५५०९ आहे. तो ऑर्डरवर लिहा, माल आल्यावर शिक्का स्वतः पाहा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू असल्याचं 'बी' नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचं असतं. तुमच्या पॅनेलिंगने स्प्रिंकलर झाकला किंवा होज रीलचं दार अडवलं तर ते तेव्हा उघडं पडेल.

सर्वांसाठी सुलभतेचे केंद्र सरकारचे मार्गदर्शक निकष २०२१ चे आहेत. रॅम्पचा उतार १:१२, दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर, व्हीलचेअर वळायला १५०० मिलिमीटर व्यासाची जागा. खाट जिथून जाणार ते दार मात्र यापेक्षा बरंच रुंद लागतं, हे वेगळं ध्यानात ठेवा. एक्स-रे खोली असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर परवानगी लागते. भिंतीची जाडी आणि दारातलं शिसं ठरल्यावर ते दार दोन फूट सरकवायचा मोह अजिबात नको. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे. पिवळा, लाल, पांढरा, निळा अशा चार रंगांचे डबे नर्सिंग स्टेशनजवळ ठेवावे लागतात. प्लॅनवर त्यांना जागा दिली नाही तर ते हमखास पॅसेजमध्ये येतात, आणि आठ फुटी पॅसेज सहा फुटी होतो. आठ फूट, म्हणजे सुमारे २.४ मीटर, ही रुंदी दोन स्ट्रेचर समोरासमोर आली तरी अडू नयेत म्हणून असते.

या सगळ्याला नोकरी सांभाळून तीन महिने पुरतात.

तिसरी पायरी : ईडॅक

पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र म्हणून मी सगळ्यांना ईडॅकच सांगते. पूर्ण नाव एव्हिडन्स-बेस्ड डिझाइन अ‍ॅक्रेडिटेशन अँड सर्टिफिकेशन. ते देते कॅलिफोर्नियातली सेंटर फॉर हेल्थ डिझाइन ही ना-नफा संस्था, स्थापना १९९३. या परीक्षेला अमुकच पदवी हवी अशी अट नाही. डिझायनर, आर्किटेक्ट, नर्स, रुग्णालय व्यवस्थापक, संशोधक असे सगळे बसू शकतात. ११० वस्तुनिष्ठ प्रश्न, वेळ दोन तास, संगणकावर, इंग्रजीत. अभ्यासक्रमाचे पाच भाग : आरोग्यसेवेत पुराव्यावर आधारित डिझाइन म्हणजे काय, संशोधन, डिझाइनपूर्व टप्पा, डिझाइन, आणि बांधकाम व वापर. संस्थेची तीन अभ्यासपुस्तकं आहेत, मुख्य वाचन त्यांचंच.

आपल्या लोकांना सगळ्यात जड जातो तो संशोधनाचा भाग, कारण आपल्या कॉलेजांत तो फारसा शिकवलेलाच नसतो. 'गृहीतक', 'आधाररेषा', 'चल' हे शब्द ऐकले की डिझायनर घाबरतो. तो कसा सोपा करायचा, ते एका छोट्या उदाहरणाने सांगते.

समजा, वॉर्डात हात धुवायचं बेसिन दाराच्या मागे आहे. दार उघडलं की ते झाकलं जातं, आणि कोणी हात धूत नाही. ईडॅकच्या आठ पायऱ्या इथे लावून पाहा. उद्दिष्ट ठरवा : कर्मचाऱ्यांनी खाटेजवळ जाण्याआधी हात धुवावेत. पुरावा शोधा : बेसिनची जागा आणि हात धुण्याचं प्रमाण यांवर कोणी काय अभ्यास केला आहे. तो तपासून वाचा : कुठल्या देशातला, किती खाटांचा, कोणत्या वॉर्डातला. मग कल्पना मांडा : बेसिन आत शिरताच नजरेला पडेल अशा भिंतीवर, कोपराने उघडणाऱ्या नळासह. गृहीतक लिहा, एका वाक्यात : बेसिन समोर आलं तर हात धुण्याचं प्रमाण वाढेल. आता मोडतोड सुरू होण्याआधी आठवडाभर मोजा, किती जण आत आले आणि किती जणांनी हात धुतले. हीच आधाररेषा. बांधकाम चालू असताना लक्ष ठेवा, कारण प्लंबर बीम आडवा आला म्हणून पॉइंट दीड फूट सरकवून पुन्हा दाराआड नेऊ शकतो. आणि काम संपून काही महिने झाले की पुन्हा तसंच मोजा.

झालं. या आठ पायऱ्या तुमच्या स्वतःच्या एखाद्या कामावर कागदावर उतरवून पाहा. पुस्तक तीनदा वाचण्यापेक्षा याने जास्त डोक्यात बसतं.

या क्षेत्रात ज्या अभ्यासाचा उल्लेख सगळीकडे होतो तो रॉजर उलरिच यांचा, १९८४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ मधल्या नोंदी त्यांनी तपासल्या. ४६ रुग्ण, २३ जोड्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं पाहणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणाऱ्यांना ८.७० दिवस लागले, आणि झाडं पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. हे आकडे लक्षात ठेवा, परीक्षेसाठीही आणि डॉक्टरांशी बोलण्यासाठीही.

पण 'पुरावा तपासून वाचा' ही पायरी इथेच खरी कामाला येते. पेनसिल्व्हेनिया थंड मुलुख आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पश्चिमेला मोठी खिडकी दिली तर दुपारी दोननंतर ती खाट कोणी घेत नाही. सिस्टर खिडकीला पेपर चिकटवतात किंवा जाड पडदा कायमचा ओढतात, आणि झाडही जातं, उजेडही जातो. म्हणून खिडकी उत्तरेला किंवा पूर्वेला, पश्चिमेला असेल तर बाहेरून खोल छज्जा किंवा उभ्या पट्ट्या, आणि बाहेर कडुलिंबाचं जुनं झाड असेल तर पार्किंगसाठी ते तोडू न देणं, हे नागपुरातलं उलरिच यांचं भाषांतर. कूलरचंही तसंच. खिडकीत कूलर बसवला की दृश्य संपतं, आवाजात रुग्णाची हाक ऐकू येत नाही, आणि टाकीतलं पाणी साचून डासांची सोय होते. वॉर्डासाठी गारव्याची वेगळी व्यवस्था सुरुवातीलाच बजेटमध्ये धरायला मालकाला तयार करा.

दुसरं उदाहरण एकट्या खोलीचं. अमेरिकेतल्या बांधकाम मार्गदर्शक तत्त्वांनी २००६ पासून नव्या सर्वसाधारण वॉर्डांसाठी एका रुग्णाची एक खोली हेच प्रमाण मानलं, संसर्ग कमी आणि खासगीपणा जास्त म्हणून. परीक्षेत प्रश्न आला तर उत्तर तेच. पण गडचिरोलीतल्या कोरचीहून आलेली आजी एकट्या खोलीत घाबरते, तिच्याबरोबर तिघं असतात, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलण्यातच तिचा अर्धा धीर असतो. इथे दोन-चार खाटांचा वॉर्ड, खाटांमध्ये पुरेसं अंतर, धुता येणारे पडदे, आणि नातेवाइकांना बसायला-झोपायला खरीखुरी जागा, हा उपाय मला जास्त योग्य वाटतो. नातेवाईक आपल्या रुग्णालयांत पाहुणे नसतातच. रुग्णाला भरवणं, कूस बदलून देणं, औषध आणायला धावणं तेच करतात. त्यांच्यासाठी बाक, पिण्याचं पाणी, डबा धुवायचं वेगळं सिंक आणि मोबाइलचा प्लग दिला नाही, तर त्यांची सतरंजी आगीच्या जिन्यात अंथरली जाते. मग एनबीसीचा चौथा भाग पाठ केल्याचा काहीच उपयोग नाही.

पाट्यांचा विचारही असाच करा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तर हवंच, पण आपल्याकडे गोंडी बोलणारे आणि वाचता न येणारेही रुग्ण येतात. जमिनीवरची रंगीत पट्टी आणि मोठं चित्र त्यांना पोहोचवतं. "लाल पट्टीनं जा" हे सांगायला वॉचमनलाही सोपं.

अभ्यासाचं वेळापत्रक म्हणाल तर, नोकरी असेल तर रोज एक तास आणि रविवारी तीन तास, असे चार-पाच महिने. वहीत तीन रकाने करा : इंग्रजी संज्ञा, तिचा अर्थ आपल्या मराठीत, आणि ती गोष्ट नागपुरात मी कुठे पाहिली. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते प्रकरण पुन्हा वाचा. अमेरिकन पुस्तकांत मापं फूट-इंचांत असतात, पण त्याची चिंता नको, आपले मिस्त्री फूट, इंच आणि सूत यांतच बोलतात. शेवटच्या महिन्यात वेळ लावून नमुना प्रश्न सोडवा. दोन तासांत ११० म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरच, इंग्रजी वाचनाचा वेग इथे कामी येतो.

पैशांचं आणि कागदांचं : फी डॉलरमध्ये असते, त्यावर रूपांतराचा खर्च आणि कर येतो. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. आपल्याकडे आडनाव आधी की वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, यात तीन कागदांवर तीन प्रकार असतात, आणि ओळखपत्र जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. फी आणि अटी संस्थेच्या संकेतस्थळावरच्या चालू माहितीपुस्तिकेतून घ्या, कोणाच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवरून नाही.

चौथी पायरी : कामाची नोंद ठेवा

पुढची प्रमाणपत्रं अनुभव मोजतात. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक रुग्णालयाच्या कामाची एक फाइल करा : कामाचं स्वरूप, खाटा, चौरस फूट, तुमची नेमकी जबाबदारी, किती महिने, कोणाच्या हाताखाली. वरिष्ठांची सही त्याच वेळी घ्या. चार वर्षांनी सही मागायला गेलं तर ते गृहस्थ बंगळुरूला गेलेले असतात.

काम कुठे मिळेल? रुग्णालयांचं काम नियमित करणाऱ्या आर्किटेक्टच्या कार्यालयात, पगार थोडा कमी असला तरी. स्वतंत्र काम हवं असेल तर ओपीडी, पॅथॉलॉजी लॅब, दंतचिकित्सा किंवा फिजिओथेरपी केंद्रापासून सुरुवात करा. एकदम आयसीयू घेऊ नका, तिथली चूक माणसाला भोगावी लागते. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्सची नागपूर शाखा आहे, तिच्या कार्यक्रमांना जात राहा. ओळखी होतात, आणि फ्लोअरिंगवाल्यांपैकी खोटं न बोलता माहिती कोण देतो तेही कळतं.

पाचवी पायरी : एनसीआयडीक्यू आणि सीएचआयडी

ही दोन्ही सगळ्यांसाठी नाहीत. एनसीआयडीक्यू ही उत्तर अमेरिकेतली इंटिरिअर डिझायनरची मूळ पात्रता परीक्षा. ती तीन भागांत होते, आणि शिक्षणाबरोबर प्रत्यक्ष कामाचे तास दाखवावे लागतात. आपली पदवी असेल तर तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, त्याला वेळ जातो, म्हणून विद्यापीठातून गुणपत्रिका आधीच काढून ठेवा. सीएचआयडी, म्हणजे सर्टिफाइड हेल्थकेअर इंटिरिअर डिझायनर, हे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ हेल्थकेअर इंटिरिअर डिझायनर्सचं प्रमाणपत्र. फक्त आरोग्यसेवेच्या इंटिरिअरचं, आणि रुग्णालयाच्या कामात बरीच वर्षं घालवलेल्यांसाठी. परदेशात किंवा परदेशी कंपनीत जायचं नक्की असेल तर हा रस्ता धरा. नागपुरात राहून इथलीच रुग्णालयं चांगली करायची असतील, तर ईडॅक आणि एनएबीएचचं पक्कं ज्ञान एवढ्यावर माझ्या मते दहा वर्षं उत्तम काम होतं. हरित इमारतींची आवड असेल तर इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची आरोग्य-सुविधांसाठी वेगळी मानांकन पद्धत आहे. ती उन्हाळ्याच्या या शहरात उपयोगाची आहे, पण आधी ईडॅक.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

नावापुढे अक्षरं लावा, पण कोटेशनमध्ये वेगळी ओळ घाला : "काम पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी वापराची पाहणी, एक दिवस." तिचे पैसे वेगळे लावा, थोडेच, पण लावा, म्हणजे ती रद्द होत नाही. त्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये बसू नका. रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा, वॉर्डबॉयला स्ट्रेचर ढकलून दाखवायला सांगा, रेलिंगवर काय वाळत घातलंय ते पाहा. सगळं तारखेसह लिहा.

ईडॅक ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी पुढील शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. ती तारीख आजच फोनमध्ये टाका, दोन महिने आधीच्या आठवणीसह. तास भरून काढायला वेबिनार असतात, पण बरेचसे अमेरिकन वेळेनुसार, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ-दहाला सुरू होतात.

परवा त्या जुन्या रुग्णालयात दुसऱ्या मजल्याचं काम निघालं. या वेळी व्हिनाइलचा नमुना घेऊन मी आधी मावशींकडे गेले. त्यांनी तो जमिनीवर ठेवला, गोलाईवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "फिनाइलनं याचा रंग जाते का?" नमुना आणि फिनाइलची बाटली मी घरी आणली आहे. आठ दिवस तुकडा त्यात बुडवून ठेवते आहे, मगच ऑर्डर जाईल.